गोव्याची हँडमेड गिटार: वाकडी रिंग, दोन रंगांचा टॉप आणि एक खरा दोष

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटले. गिटार भारी आहे, आवाज पैसावसूल आहे, पुन्हा घ्यायची झाली तर याच माणसाकडून घेईन. पण हिच्यात अशा बऱ्याच गोष्टी आहेत ज्या दुकानातल्या वीस हजाराच्या गिटारीतसुद्धा तुम्हाला सापडणार नाहीत, आणि त्यातली एक सोडली तर बाकीच्या काढून देऊ का असं कोणी विचारलं तर मी नको म्हणेन. ती एक मात्र मी माफ करणार नाही, तिच्यावर खाली सविस्तर वैतागलोय.

करणारा गोव्यात असतो, बारदेशातल्या एका गावात, एकटाच काम करतो. नाव टाकू नकोस असं त्यानेच सांगितलंय कारण हातातल्याच ऑर्डरी उरकत नाहीयेत. गिटार ओएम साइजची (मध्यम आकाराची), स्केल म्हणजे तारेची वाजती लांबी ६४५ मिमी, टॉप म्हणजे समोरची फळी युरोपियन स्प्रूसच्या लाकडाची, मागची बाजू आणि कडा शिसवीच्या म्हणजे ज्याला जगभर इंडियन रोझवूड म्हणतात ते, पॉलिश लाखेचं. किंमत दीड लाखाच्या थोडी वर, वाट बघायची तयारी वर्षभराची ठेवा. मी नोकरी सांभाळून फिंगरस्टाइल म्हणजे बोटांनी तारा छेडून वाजवतो, कलाकार वगैरे नाही, त्यामुळे हे सगळं एका साध्या हौशी माणसाचं मत समजा.

तर घरच्यांना पहिल्या दिवशी काय दिसलं, तर टॉपचे दोन रंग. बायको म्हणाली, ही अर्धी नवी आणि अर्धी जुनी आहे का रे? आणि खरंच, खिडकीच्या उजेडात धरली की डावा अर्धा भाग गडद आणि उजवा फिकट दिसतो, गिटार उलटी धरली की बरोबर उलटं होतं. आता हे कसं होतं ते ऐका कारण मला स्वतःला हे समजल्यावर जाम मजा आली. गिटारचा टॉप एकाच फळीला मधोमध पातळ चिरून, पुस्तक उघडावं तसा उघडून जोडतात, त्यामुळे दोन्हीकडच्या रेषा आरशातल्यासारख्या जुळतात. पण झाड वाढताना पीळ घेत वाढलेलं असेल किंवा करवत जराशी तिरकी गेली असेल तर लाकडाचे तंतू फळीच्या पृष्ठभागाला समांतर राहत नाहीत, थोडे तिरके बाहेर येतात, आणि मग एका अर्ध्यात तंतूंची टोकं तुमच्याकडे तोंड करून असतात आणि दुसऱ्यात पाठ करून, म्हणून उजेड वेगवेगळा परततो. इंग्रजीत रनआउट म्हणतात, आपल्याकडे क्रिकेटमुळे लोकांना भलतंच वाटतं. फार जास्त असेल तर टॉप कमजोर होतो, ब्रिजच्या (तारा टॉपला जिथे अडकवतात ती पट्टी) ओढीने तडा जाऊ शकतो, म्हणून चांगले लोक ओंडका करवतीने कापण्याआधी फोडून बघतात, फोडला की तो स्वतःच्या तंतूनेच फाटतो आणि खरी दिशा कळते. माझ्या गिटारीत आहे ते थोडंच आहे. कारखान्यातल्या पुष्कळ गिटारींतही असतं, पण तिथे टॉपवर नारिंगी किंवा सनबर्स्ट रंग मारला की कोणाला दिसत नाही. इथे लाख पारदर्शक, लपायला जागाच नाही.

दुसरी गोष्ट रिंग. साउंडहोलभोवतीची जी नक्षीची रिंग असते ना, रोझेट, ती भोकाशी अगदी एककेंद्री नाहीये. खालच्या बाजूला भोक आणि रिंग यांच्यातली पट्टी वरच्यापेक्षा अर्धा मिमी रुंद असेल. मोजली नसती तर दिसली नसती, पण एकदा दिसली की दिसतच राहते. याला काही कारण नाही, लाकडाचा स्वभाव नाही की परंपरा नाही, हात हलला एवढंच. विचारलं तर तो हसला आणि म्हणाला, मला पण रोज दिसत होती. आवाजावर शून्य परिणाम. मला आवडते का, तर हो, आता आवडते, पण तुम्हाला आवडलीच पाहिजे असं मी म्हणणार नाही, दीड लाख देऊन एखाद्याला गोल ते गोल हवं असेल तर त्याची बाजू मला पटते.

खरी मजा आत आहे. मोबाइल साउंडहोलमधून आत सोडा (तारा सैल करून, टॉर्च लावून) आणि व्हिडिओ काढा. कारखान्याच्या गिटारीत आत सगळं एकसारखं, पॉलिश पेपर मारलेलं, शिक्का आणि सिरियल नंबर. इथे ब्रेसवर (टॉपला आतून आधार देणाऱ्या पट्ट्या) पटाशीचे सपकारे तसेच दिसतायत, एका कोपऱ्यात सरस ओघळून वाळलाय, आणि टॉपच्या आतल्या बाजूला पेन्सिलने आकडे लिहिलेत. २.८, २.६, मग कडेला २.४, एका ठिकाणी २.५ खोडून २.४ केलंय. मला आधी वाटलं हिशोब पुसायचा राहिला. तो म्हणाला मुद्दाम ठेवलेत, उद्या गिटार दुरुस्तीला आली तर मला किंवा दुसऱ्या कोणाला कळलं पाहिजे जाडी कुठे किती आहे ते.

आता हे आकडे वेगवेगळे का, इथेच हँडमेडचा सगळा मामला आहे असं माझं मत झालंय. लाकडाची फळी वाकायला किती विरोध करते हे जाडीच्या घनावर ठरतं, म्हणजे जाडी दहा टक्के कमी केली तर ताठपणा साधारण सत्तावीस टक्के उतरतो. आणि एकाच झाडाच्या शेजारशेजारच्या दोन फळ्यांचाही ताठपणा सारखा नसतो. मग कारखान्याने काय करायचं? हजारो गिटारी, प्रत्येकीला वॉरंटी, गिऱ्हाईक ती कुठे नेईल, कसल्या तारा लावेल काही सांगता येत नाही, तर ते जाडी एकच ठरवतात आणि ती सगळ्यात मऊ फळीलाही झेपेल अशी जरा जास्तच ठरवतात. परिणामी ज्या फळ्या मुळातच ताठ असतात त्यांच्या गिटारी दबक्या आवाजाच्या होतात. म्हणून तर एकाच मॉडेलच्या पाच गिटारी दुकानात वाजवल्या की एक कुठली तरी खणखणीत निघते आणि लोक म्हणतात ही लकी पीस आहे. लक कसलं, त्या फळीला ती जाडी मानवली एवढंच. हाताने करणारा माणूस फळी वाकवून बघतो, टकटक करून ऐकतो, रंधा मारतो, पुन्हा ऐकतो, आणि थांबतो तिथे थांबतो. त्यामुळे टॉपची जाडी कुठेच सारखी नाही. कॅलिपर घेऊन बसलात तर ही गिटार नापास होईल, आणि ज्या गोष्टीमुळे नापास होईल त्याच गोष्टीमुळे ती हलकंसं बोट लागलं तरी बोलते.

मिरजेला तंबोरा घ्यायला गेलेल्या माणसाला हे सांगायची गरज पडत नाही. तिथे भोपळाच शेतातून जसा येतो तसा येतो, दोन भोपळे सारखे नाहीत, मग दोन तंबोरे सारखे कसे असतील, आणि जवारी (घोडी घासून तारेला आणलेली गुंज) तर कारागीर कानाने काढतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, ते बरंच झालं. पण आपलीच माणसं गिटार घ्यायला गेली की एकदम क्वालिटी इन्स्पेक्टर होतात.

टॉपच महत्त्वाचा हे सिद्ध करायला अंतोनियो दे तोरेस या स्पॅनिश कारागिराने १८६२ साली एक गिटार केली होती जिची मागची बाजू आणि कडा कागदाच्या लगद्याच्या होत्या, टॉप मात्र लाकडाचा. आज आपण ज्याला क्लासिकल गिटार म्हणतो तिचा आकार-उकार बऱ्यापैकी याच माणसाने पक्का केला. ती कागदाची गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

हे मनाशी धरून मी मागच्या बाजूचं लाकूड निवडलं. शिसवीचा गाभा जांभळट काळा असतो आणि बाहेरचं कच्चं लाकूड पांढरट पिवळं. जोडताना ते पांढरं सहसा कापून टाकतात. याच्याकडे एक जोडी होती जिच्यात मधोमध तीन बोटं रुंद पांढरा पट्टा येत होता, दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने नको म्हणून सांगितलेली, मी म्हटलं मला दे. थोडी स्वस्त पडली, आणि आज मागून बघितली की काळ्या शिसवीत तो पट्टा असा उठून दिसतो की जो येतो तो आधी गिटार पालथी करतो. आवाज? इंग्लंडमधल्या लँकेस्टर युनिव्हर्सिटीने २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता, सहा गिटारी बाकी सगळ्या बाबतीत सारख्या, फक्त मागचं आणि कडांचं लाकूड वेगळं, बावन्न गिटारवादकांना अंधुक उजेडात वेल्डरचा गॉगल घालून वाजवायला दिल्या, आवाजाच्या मार्कांत लाकडावरून फारसा फरकच पडला नाही, महाग ब्राझिलियन रोझवूड असो की स्वस्त सपेली. तेव्हा पट्ट्याने आवाज पांढरा पडेल असं कोणी सांगितलं तर हसून सोडा.

फिंगरबोर्ड (तारांखालची, बोटं दाबायची पट्टी) एबनी नावाच्या काळ्या लाकडाचा आहे पण काळाकुट्ट नाही, त्यात करड्या-तपकिरी रेघा आहेत. हेही आधी दोषच समजला जायचा. टेलर या अमेरिकन गिटार कंपनीने २०११ मध्ये कॅमेरूनमधली एबनीची गिरणी भागीदारीत विकत घेतली तेव्हा कंपनीचा सहसंस्थापक बॉब टेलरला तिथल्या तोडणाऱ्या लोकांकडून कळलं की दहा झाडं पाडली तर त्यातलं एक पूर्ण काळं निघतं आणि रेघावाली बाकीची जंगलातच पडून राहतात कारण गिऱ्हाईक घेत नाही. मग त्यांनी आपल्या महागड्या गिटारींवरही रेघावालीच एबनी लावायला सुरुवात केली. दहातली नऊ झाडं कुजवायची, का, तर आपल्याला फिंगरबोर्ड बुटाच्या पॉलिशसारखा काळा हवा! हे वाचल्यापासून मला काळाकुट्ट फिंगरबोर्ड बघितला की थोडं कसंतरीच होतं.

नेकबद्दल (गिटारची मान) एक. माझी नेक मधोमध सारखी गोल नाहीये, जाड तारांच्या बाजूला किंचित भरलेली आणि पातळ तारांच्या बाजूला उतरती. ही चूक नाही, त्याने माझा हात बघून, अंगठा कुठे टेकतो ते बघून तशी केली. दुसऱ्या कोणाला दिली की दोन मिनिटं चाचपडतो आणि मग म्हणतो अरे बरी वाटतेय. हेडस्टॉकवरचं (नेकचं वरचं टोक) एक ट्यूनर म्हणजे तार पिळायची खुंटी शेजारच्यापेक्षा मिमीभर खाली आहे, ती मात्र चूकच, पण ट्यूनिंग एकदम पक्कं राहतं त्यामुळे मी दुर्लक्ष केलं.

आता रागावायची पाळी.

गिटार हातात आली, पहिले पाच-सात फ्रेट (फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) अफलातून, आणि वर गेलो तर बाराव्या-तेराव्या फ्रेटवर दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेला झर्र. एटीएम कार्डाची कड तीन फ्रेटवर एकदम टेकवून बघितली (ही युक्ती लक्षात ठेवा, कार्ड डुगडुगलं की मधला फ्रेट उंच), चौदावा फ्रेट उंच निघाला. चौदाव्या फ्रेटपाशी नेक बॉडीला मिळते, तिथे फिंगरबोर्डला बारीकसा उंचवटा येणं हा जगभरातला माहीत असलेला प्रकार आहे, म्हणून तर गिटार बाहेर पडण्याआधी तारा चढवून, काही दिवस ताणाखाली ठेवून मग फ्रेट पुन्हा घासतात. याने ते घाईत उरकलं असणार. मी फोन केला तर उत्तर काय, अरे हँडमेड आहे, थोडंफार असायचंच. डोकं फिरलं माझं. हँडमेड म्हणजे काय माफीपत्र आहे का? रिंग वाकडी असेल तर ती डोळ्याला वाकडी आहे, पट्टा पांढरा असेल तर तो डोळ्याला पांढरा आहे, पण फ्रेट ०.१ मिमी उंच असेल तर सूरच येत नाही आणि सुरासाठीच तर पैसे दिलेत. फ्रेट, नट आणि सॅडल (तारा दोन टोकांना ज्यांच्यावर टेकतात त्या पट्ट्या) आणि नेकचा कोन या चार ठिकाणी हाताने केलंय हे कारण चालत नाही, तिथे मशीन जेवढी अचूक असते तेवढंच अचूक पाहिजे, आणि खरं सांगायचं तर कित्येक हँडमेडवाले फ्रेटच्या खाचा टेम्प्लेट नाहीतर सीएनसीनेच (संगणकावर चालणारं मशीन) पाडतात, त्यात कमीपणा काही नाही.

त्याच्या बाजूने हेही सांगतो की दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला, पाठवून दे, जाण्यायेण्याचं कुरिअर मी भरतो म्हणाला. एवढ्या लांब पुन्हा पाठवायचा धीर मला झाला नाही, मी पुण्यातच फ्रेट लेव्हल करून घेतले आणि बिलाचे पैसे त्याने यूपीआयने लगेच पाठवले. आता झर्र अजिबात नाही. पण एक स्टार मी त्या वाक्यासाठी कापणार आहे, फ्रेटसाठी नाही.

बाय द वे, अचूक फ्रेट म्हणजे शुद्ध सूर असंही समजू नका. पाश्चात्त्य सप्तक बारा सारख्या भागांत तोडून फ्रेट बसवतात, नियम असा की राहिलेल्या लांबीला १७.८१७ ने भागत जायचं, माझ्या स्केलवर पहिला फ्रेट नटपासून ३६.२ मिमीवर येतो. या हिशोबाने येणारा गंधार आपल्या शुद्ध गंधारापेक्षा जवळजवळ १४ सेंट चढा असतो, म्हणजे अर्ध्या सुराच्या सातव्या हिश्शाएवढा. १९४० पासून तीसेक वर्षं आकाशवाणीवर पेटी बंद होती त्यामागे जी कारणं सांगत त्यात हे एक होतं. तेव्हा जगातली सगळ्यात परफेक्ट गिटारसुद्धा ठरवून थोडी बेसूर असते, फक्त ती सगळ्या पट्ट्यांत (सा कुठलाही धरा) सारखी बेसूर असते म्हणून चालून जातं.

एका गोष्टीवर माझं मत अजून पक्कं होत नाहीये. सहाव्या तारेवरचा तिसऱ्या फ्रेटचा जी (G) हा सूर भसकन मोठा येतो आणि लवकर मरतो. गिटारच्या पोटातल्या हवेचा स्वतःचा एक सूर असतो, या साइजमध्ये तो साधारण १०० हर्ट्झच्या आसपास पडतो, आणि जी आहे ९८ हर्ट्झचा, दोघांची गाठ पडली की तारेतली सगळी ताकद एका झटक्यात बाहेर पडते. टॉप जेवढा हलका तेवढं हे जास्त जाणवतं, जाडजूड गिटारीत असे लाड होतच नाहीत. काही कारागीर हा सूर मुद्दाम दोन स्वरांच्या मधे पाडतात. इथे तो नेमका स्वरावर बसलाय. जी मेजरमध्ये वाजवताना कधी ते ढोलासारखं छान वाटतं, कधी रेकॉर्डिंग करताना सगळं बिघडवतं. काहीजण आतून थोडं वजन चिकटवून तो सूर सरकवतात, मी अजून केलेलं नाही.

हवामानाचं म्हणाल तर तयारी ठेवा. त्याची खोली डीह्युमिडिफायर लावून ४५ टक्क्यांवर असते, बाहेर गोव्याचा पाऊस असला तरी. पुण्यात एप्रिलमध्ये हवा एवढी कोरडी होते की फिंगरबोर्ड आकसून फ्रेटची टोकं बोटाला टोचायला लागतात, आणि पावसाळ्यात टॉप फुगून ॲक्शन म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची वर जाते. केसमध्ये ४९ टक्क्यांवर आर्द्रता धरून ठेवणारी पाकिटं टाकावीच लागतात. त्याने हाडाच्या दोन सॅडल दिल्यात, एक उन्हाळ्याची, एक पावसाळ्याची, पावसाळ्याची अर्धा मिमी बुटकी. हा विचार मला फार आवडला, असली गोष्ट बॉक्समधून येणाऱ्या गिटारीबरोबर मिळत नाही.

लाखेचं पॉलिश सुंदर दिसतं, हाताने कापडाच्या बोळ्याने दिवसेंदिवस चोळून चढवलेलं, पण नाजूक आहे. ते स्पिरिटमध्ये विरघळवून लावतात, त्यामुळे सॅनिटायझरचा ओला हात लागला तर डाग पक्का. जिथे उजवा हात टेकतो तिथे माझ्या घामाने ते आत्ताच मंद पडलंय. चालतंय. मोठ्या कंपन्या नव्या गिटारीला कारखान्यातच ओरखडे पाडून, रंग उडवून जुनी करून जास्त किमतीला विकतात, त्यापेक्षा माझा घाम फुकट आहे.

कोणी घ्यावी? ज्याची ही पहिली गिटार आहे त्याने घेऊ नये, वीस-पंचवीस हजाराची चांगली कारखान्याची घ्या, सेटअप करून घ्या, भरपूर वाजवा. ज्याला फक्त जोरात स्ट्रमिंग करून स्टेजवर गाणी म्हणायची आहेत त्यानेही नको, असा हलका टॉप जोरात मारला की कोसळतो, आवाज चेपतो. हळू आणि बोटांनी वाजवणाऱ्यांसाठी मात्र हिच्या किमतीत मला दुसरं काही दिसलेलं नाही. ऑर्डर देण्याआधी वर्कशॉपवर जाऊन लाकूड स्वतः बघून या, कुठला डाग, कुठली रेघ, कुठला पट्टा चालेल ते आधीच बोलून घ्या, आणि फ्रेटवर्कबद्दल लेखी घ्या, म्हणजे व्हॉट्सॲपवर तरी. डिलिव्हरीच्या वेळी बाराव्या फ्रेटच्या वर प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट वाजवून बघा, लाजू नका, त्याने चहा दिला तरी.

पाचपैकी चार. किमतीत फक्त पातळ बॅग येते, हार्ड केसचे पैसे वेगळे पडतात, ते आधी विचारून घ्या.